जमिनीखालचा अर्धा वाटा

सिंगापूरच्या आकाशात कुठेही क्रेन दिसली की तिच्या हुकाला काय लटकलंय ते मी आधी बघतो. बसमध्ये बसलेलो असलो तरी मान आपोआप वळते. बायको कोपर मारते, "अहो, आज रविवार आहे. उचलू द्या की त्यांचं त्यांना." पण डोळ्यांना रविवार कळत नाही. स्लिंगचा पट्टा नीट बसलाय का, वस्तू एका अंगाला कललीय का, खाली कुणी उभं तर नाही ना, एवढं बघून झालं की मग मी बसमध्ये परत येतो.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंनी कामाबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मी टाळत होतो. त्या म्हणाल्या, "आपल्यात बँकवाले, कॉम्प्युटरवाले पुष्कळ आहेत. जड वस्तू उचलणारे तुम्ही एकटेच." ते खरंच आहे. माझी शाळा नववीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ त्या बघून घेतील या भरवशावर लिहायला बसलोय.

माझं काम रिगरचं. मुंबईच्या गोदीत याच माणसाला खलाशी म्हणतात. जे माणसांना उचलत नाही ते क्रेनने उचलायचं, आणि क्रेनला ते कसं द्यायचं हे रिगरने ठरवायचं. पट्टा कुठे घालायचा, वस्तूचं वजन कुठल्या बाजूला जास्त आहे, वारा किती आहे. क्रेन चालवणारा उंच काचेच्या खोलीत बसतो, त्याला खालचं अर्धं दिसत नाही. तो खालच्या एका माणसाच्या हाताकडे बघून किंवा वॉकीटॉकीवरचा आवाज ऐकून काम करतो. तो एक माणूस कित्येक वर्षं मी होतो. आता सुपरवायझर आहे, म्हणजे हात खिशात, पण झोप कमी.

या धंद्यात कागदावरच्या वजनावर कुणी विसंबत नाही. म्हणून आमची एक रीत आहे: वस्तू आधी फक्त वीतभर उचलायची आणि थांबायचं. सगळ्यांनी बघायचं. ठीक वाटलं तरच पुढे. कितीही घाई असो, ते वीतभर थांबणं चुकवायचं नाही.

एका कामावर मालकाच्या बाजूने नॉर्वेचा एक तपासनीस होता. वस्तू वीतभर उचलली की हा गृहस्थ डोक्यावरचं हेल्मेट काढून लांब काठीने तिच्याखाली सरकवायचा आणि घड्याळ बघत उभा राहायचा. वस्तू केसभर जरी खाली आली तरी हेल्मेट चेपणार. एकदा मी विचारलं, "हेल्मेटच का? लाकडाचा तुकडा ठेवा की." म्हणाला, "लाकडाकडे कुणी बघत नाही. हेल्मेट ठेवलं की सगळे डोकं आठवतात." माणूस विक्षिप्त होता, पण त्याच्या देखरेखीखाली कुणाला कधी खरचटलंही नाही.

आमच्या यार्डात समुद्रातून तेल काढायच्या रिग बांधतात, दुरुस्त करतात. तेल काढायची अवजारं मी आयुष्यभर उचलली: मनोरे, पंप, पाइप. पण जमिनीतून निघालेलं तेल मी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी तेल वारशाने मिळालं.

त्याचं असं झालं. आमचा वसंतमामा बोटीवर फिटर होता. मला शाळेतून उचलून गोदीत खलाशाच्या हाताखाली घातलं ते त्यानेच. "याच्या हाताला काम द्या, डोक्याचं मग बघू," असं तो मुकादमाला म्हणाला होता. मी आज जो काही आहे तो त्या वाक्यावर. पुढे मामा अमेरिकेत टेक्सासला उतरला आणि पाइपलाइनीच्या वेल्डिंगला लागला तो तिकडचाच झाला. लग्न केलं नाही. कधीमधी फोन यायचा. "सुऱ्या, अजून उचलतोयस का रे?" एवढंच विचारून हसायचा.

तो गेल्यावर तिकडच्या वकिलाचं पत्र आलं. मामाने एका सहकाऱ्याकडून जमिनीखालचा हक्क विकत घेऊन ठेवला होता. मृत्युपत्रात त्याने तो बहिणीच्या दोन मुलांना अर्धा-अर्धा लिहून दिला होता. म्हणजे मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला.

मी ते घेऊन कुलकर्णींकडे गेलो. कुलकर्णी अकाउंटंट आहेत, इथे तोआ पायोहला आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहतात, आणि मंडळातल्या निम्म्या लोकांचे कागद फुकट वाचून देतात. त्यांनी चहा होईपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "सुरेशराव, तुमची जमीन नाहीये ही."

"मग?"

"जमीन कुणा तिसऱ्याची. वर त्याच्या गाई चरतायत. खालचं तेल आणि गॅस तेवढा तुमचा."

हे मला पचायला वेळ लागला. आपल्याकडे जमिनीखाली काही सापडलं तर ते सरकारचं. तिकडे वरची जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं असू शकतं, आणि ते आंब्याच्या कलमासारखं विकता येतं, वाटता येतं. मामाने तो हक्क एका तेल कंपनीला भाड्याने दिला होता. विहीर खणायचा सगळा खर्च कंपनीचा. जे निघेल त्यातला ठरलेला हिस्सा, तिथला कर कापून, हक्कदाराला. नाही निघालं तर काही नाही. आणि विहिरीचा स्वभाव असा, की पहिली काही वर्षं जोरात देते आणि मग झरझर ओसरते. कंपनीने तिथेच नवी विहीर काढली तर पुन्हा भरती. पण काढेल की नाही, ते ती कुणाला सांगत नाही.

मामाच्या विहिरी ओसरायला लागल्या होत्या. माझा हिस्सा यायला लागला (बहिणीचा, तिचे कागद व्हायचे म्हणून, तिकडेच जमा होत होता) तेव्हा त्यात मंदाच्या बाजाराचा खर्च जेमतेम निघत होता. मंदा म्हणजे माझी बायको. ती आजूबाजूच्या नोकरदार मुलांना डबे देते.

आणि मग डॅनीचा फोन आला. डॅनी असे हक्क विकत घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस. आमच्याकडे सकाळ असायची तेव्हा त्याच्याकडे आदली संध्याकाळ. पडद्यावर दिसायचा हसरा, दर वाक्याला सर. त्याने एकरकमी भाव सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. गौरीचं, माझ्या मुलीचं, पुढचं शिक्षण त्यातून निघालं असतं, आणि मी घरी बसलो असतो तरी काही वर्षं आम्हाला इथे टिकून राहता आलं असतं.

घरी बसायची वेळ येणार हे मला दिसत होतं. रिगची कामं कमी झालीत. यार्डात आता समुद्रातल्या पवनचक्क्यांचे सांगाडे येतात आणि ते उचलायला नव्या पद्धती शिकलेली माणसं घेतात. माझा करार वर्षावर आला. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी आहोत, पण त्याचा परवाना दर काही वर्षांनी नवा करावा लागतो आणि तेव्हा नोकरीचं विचारतात. गौरी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती, तिला युनिव्हर्सिटीत जायचं होतं. मी सकाळी यार्डाच्या बसमध्ये बसलो की हाच हिशोब. संध्याकाळी उतरताना तोच. या देशाने मला खूप दिलं. इथे माझ्या सहीला किंमत आहे, मी 'थांबा' म्हटलं की कोट्यवधींचं काम थांबतं. पण ते सगळं एका करारावर उभं आहे, हे कधी विसरता येत नाही.

डॅनीची अट एकच होती. "दोन्ही अर्धे एकत्र हवेत, सर. आणि हा भाव महिनाअखेरपर्यंत."

गौरी बाजूला बसून माझं इंग्रजी सांभाळत होती. कॅमेऱ्याच्या बाहेरून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत कुजबुजली, "पप्पा, ही इज रशिंग यू ला."

मला कळत होतं. पण घाई मलाही होतीच.

शकूताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, मला वाढवलं तिने. त्यासाठी तिची शाळा चौथीतच थांबली. तिचं सासर महाडजवळ. भावोजी एसटीतून निवृत्त. तिला फोन केला आणि जमेल तसं समजावलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "तू म्हणशील तिथं सही करते."

आमच्या वडिलांच्या, आबांच्या जमिनीचं वाटप झालं तेव्हाही ती हेच म्हणाली होती. आमच्याकडे बहिणी भावासाठी हक्कसोड लिहून देतात, तसं तिने दिलं. येताना चिवड्याचा डबा आणला होता, सही केली आणि मुलांना चिवडा वाटला.

मी डॅनीला होकार कळवला. आणि अडलं ते तिथेच. डॅनीच्या वकिलाने लिहिलं: मृत्युपत्रात वारस शकुंतला आहे. तुम्ही जिची ओळखपत्रं पाठवलीत ती सुनंदा. ही कोण?

त्या परक्या माणसाला काय सांगणार? ताईचं लग्न झालं तेव्हा रीतीप्रमाणे सासरचं नाव ठेवलं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. आडनाव बदललं तसं नावही. रेशनकार्डापासून आधारपर्यंत ती सुनंदा. आम्ही माहेरचे तेवढे शकूताई म्हणतो. मामा बोटीवर होता, लग्नाला नव्हता. त्याला ठाऊक होती ती त्याची भाची शकुंतला, वडिलांच्या नावासकट. त्याने तेच लिहिलं होतं.

कुलकर्णींनी डॅनीच्या वकिलाला फोनवर हे सगळं समजावलं. मग तो म्हणाला, "म्हणजे पहिलं नावसुद्धा?" कुलकर्णी मला म्हणाले, "सुरेशराव, त्याला वाटतंय आपण त्याची गंमत करतोय."

दोन्ही एकच बाई, असं प्रतिज्ञापत्र हवं होतं. पुराव्याला माहेरच्या नावाचा एखादा कागद. तो फक्त एका ठिकाणी असणार होता, आमच्या गावच्या शाळेत. ताई भावोजींना घेऊन माणगावला गेली, तिथून आमच्या गावी पोचली, आणि मुख्याध्यापिकेकडून चौथीत शाळा सोडल्याचा दाखला काढून आणला. मग महाडला नोटरीकडे. रात्री तिचा फोन. इतकी बोलताना मी तिला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तो वकील विचारतो, आजी, ही शकुंतला कोण? म्हटलं मीच. मग सुनंदा कोण? म्हटलं तीही मीच. तर मेला म्हणतो, पुढच्या वेळी दोघींना घेऊन या!"

मागून भावोजी ओरडले, "तीन एसट्या बदलल्या आम्ही, सांग त्याला!"

"सांगते हो. अरे सुऱ्या, सही कशी करायची तेच आठवेना. शकुंतला लिहायची सवय कुठे राहिली. पाटीवर करतात तशी आधी चार वेळा कागदावर करून बघितली, मग केली."

मी हसलो आणि म्हटलं, "झालं आता. विक्रीचे कागद आले की पाठवतो."

"बरं," ती म्हणाली.

ते 'बरं' मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, दमली असेल.

त्याच आठवड्यात यार्डात एक मोठी उचल होती. रिगवर माणसं राहतात त्या खोल्यांचा अख्खा ठोकळा, दोन क्रेननी मिळून उचलायचा. आमच्या धंद्यात याच्याइतकं धाकधुकीचं काम नाही. दोघांनी सारख्या वेगाने उचललं पाहिजे. एकाने जरा घाई केली की भार दुसऱ्याच्या अंगावर जातो, आणि खालून बघणाऱ्याला ते उशिरा दिसतं. एका क्रेनवर लिम अंकल, माझ्याहून जुना माणूस. दुसऱ्यावर मिन, बर्माचा, चाळिशीचा, नव्याने आमच्याकडे आलेला. मितभाषी. सांगितलेलं काम अचूक.

वीतभर उचललं. थांबलो. ठोकळा समतोल दिसत होता. मी वॉकीटॉकीवर विचारलं, "मिन, ओके?"

"ओके, सर."

"अंकल?"

लिम अंकल म्हणाला, "सुरेश, स्टॉप. डोंट आस्क हिम ओके. हिम ऑलवेज ओके वन. आस्क हिम हाउ मच."

क्रेनमध्ये पडद्यावर भाराचा आकडा दिसतो. मी मिनला तो विचारला. त्याने अगदी हळू आवाजात सांगितला. ठरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होता. सगळं अलगद खाली घेतलं. तपासलं तर त्याच्या बाजूच्या टाकीत चाचणीसाठी भरलेलं पाणी तसंच राहिलं होतं. आणखी उंच नेलं असतं तर काय झालं असतं, ते लिहायला नको.

मी मिनला बाजूला घेतलं. रागावलो नव्हतो. "जास्त दिसत होतं तर बोलला का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, यू बॉस. यू से ओके, आय थिंक मस्ट बी ओके."

लिम अंकलने मला कॉफी आणून दिली आणि शेजारी बसला. कॉफी संपली. मी उठलो, शेडच्या मागे गेलो आणि ताईला फोन लावला.

"जेवलीस का?" वगैरे झालं. मग मी म्हटलं, "ताई, त्या तेलाचं. तुझ्या अर्ध्याचं तुला काय करावंसं वाटतं?"

"केलीय ना सही. आणखी कुठे करायचीय?"

"सहीचं नाही विचारत. विकावंसं वाटतं का ठेवावंसं?"

पलीकडे कुकरची शिटी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"मला विचारतोयस?"

"तुलाच."

"तुझं नुकसान होत नसेल तर बोलते."

"तू बोल तर."

"मग राहू दे माझं," ती म्हणाली. आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेचना. "त्यातून काय यायचं ते येवो, न येवो. शाळेत त्या बाईंनी दाखला हातात दिला ना, त्यावर माझं नाव, आबांचं नाव. त्यानंतर जगात कुठे ते नाव लिहिलेलं नाही. थेट मामाने लिहिलं. तिथं इतक्या लांब बसून. आता कुठे कुणी शकुंतला म्हणून सही मागतंय, आणि ती सही कशासाठी, तर नाव काढून टाकायला. मला नाही रे बरं वाटत. पण तुझी अडचण असेल तर हे सगळं विसर. मी करते सही."

माझी अडचण होती. पण ती मी तिला त्या क्षणी सांगितली असती, तर विषय तिथेच मिटला असता. मी म्हटलं, बघतो, आणि फोन ठेवला.

डॅनीला विचारलं, फक्त माझा अर्धा घेशील का? त्याचा हसरा चेहरा तसाच राहिला, पण भाव असा उतरला की गौरीने लॅपटॉपचं झाकणच लावलं.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते भांडण नव्हतं, कारण मंदा आवाज चढवत नाही. ती पोळ्या लाटत होती आणि एकेका पोळीला एकेक वाक्य.

"ताईंना ते महिन्याला कितीसं येणार?"

"थोडंच."

"आणि आपल्या पोरीचं काय?"

"बघू."

"तुमचा करार नाही झाला नवा तर? परवान्याचं काय? पुन्हा माणगावला जाऊन राहायचं? गौरीला तिथे जमणार आहे?" पोळी तव्यावर पडली. "मी वाईट नाहीये हो. पण ताईंना तुम्ही एक शब्द टाकलात तर त्या नाही म्हणणार नाहीत."

"म्हणूनच टाकत नाही."

"हे तुमचं बोलणं छान आहे. फी त्याने भरत नाही."

गौरी टेबलाशी होती. तिला सगळं समजत होतं, तिच्याबद्दलच होतं. तिने मध्येच विचारलं, "बट व्हाय डिड आत्या चेंज हर फर्स्ट नेम? हू ऑलरेडी हॅज अ नेम, देन चेंज?"

"तेव्हा करायचे," मी म्हटलं. "बऱ्याच घरांत करायचे. तुझ्या आईचंही बदललं."

गौरीने मान वळवली. "सीरियसली? आई, व्हॉट वॉज इट?"

मंदाने लाटणं थांबवलं नाही. "पप्पांना विचार."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. आणि मला, खरं सांगतो, लगेच आठवेना. लग्नपत्रिका डोळ्यांपुढे आणली. मांडव आणला. सासऱ्यांची हाक आणली, मग त्या हाकेतून ते नाव आलं.

"पुष्पा," मी म्हटलं.

"लागला वेळ, पण आलं," मंदा म्हणाली. पोळी उलटली. "मी कधीकधी मनात म्हणून बघते. आंघोळ करताना वगैरे. विसरलं तर नाही ना म्हणून."

गौरीने हळूच म्हणून पाहिलं, "पुष्पा." मंदाने वळून पाहिलं नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. त्यानंतर जेवण होईपर्यंत कुणी पैशांचं बोललं नाही. भांडी घासताना ती एवढंच म्हणाली, "राहू दे ताईंचं. तुमच्याचं बघा."

माझ्याचं बघायला मी पुन्हा कुलकर्णींकडे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पहिल्या भावाला हो म्हणू नका, आणि मी घाबरून नेमकं तेच केलं होतं. आता त्यांनी आणखी काही कंपन्यांना लिहिलं. बरेच आठवडे गेले. डॅनीची मुदत टळून गेली त्या दिवशी मला ताप आल्यासारखं झालं होतं. शेवटी एका लहान कंपनीने फक्त माझा अर्धा घ्यायची तयारी दाखवली. डॅनीने दोन्ही अर्धे मिळून सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापेक्षा कमी, पण त्याच्या नंतरच्या भावापेक्षा बराच बरा. गौरीची पहिली दोन वर्षं निघतील एवढा. पुढचं, ती म्हणाली, ती काम करून बघेल.

मीसुद्धा माझा अर्धा ठेवायला हवा होता का? कुलकर्णी म्हणाले, याचं उत्तर त्यांच्या शिक्षणातही नाही. नवी विहीर काढली तर मी मूर्ख ठरणार, नाही काढली तर शहाणा. जमिनीखालचं कुणी पाहिलंय? मी आयुष्यभर दिसणाऱ्या वस्तू उचलल्या. वीतभर उचलून थांबायचं, बघायचं, मग ठरवायचं. इथे थांबलं की भाव जातो, आणि बघायला काही नाही. नोटरीच्या ऑफिसात सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. त्या बाईने विचारलं, "सर, यू ऑलराइट?" मी ओके म्हणालो.

अजूनही सकाळी उठल्यावर फोनवर तेलाचा भाव बघतो. वाढला की विकल्याची चुटपुट लागते, उतरला की ताईची काळजी वाटते. माझा करार या वर्षापुरता झाला. पुढच्या वर्षीचं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मिन आता आकडा न विचारता सांगतो, कधीकधी सगळं ठीक असतानाही सांगत सुटतो, आणि लिम अंकल वॉकीटॉकीवर जांभई देतो.

सगळं झाल्यावर ताईला फोन केला. म्हटलं, "माझं विकलं. तुझं तुझ्या नावावर आहे. शकुंतला नावाने."

"तुला कमी पडलं नाही ना?"

"नाही पडलं." हे पूर्ण खरं नव्हतं, पण एवढं बहिणीला सांगायला चालतं.

ती म्हणाली, "तुझा वाटा घेतला ती माणसं कशी आहेत?"

"कंपनी आहे ताई. माणसं मला काय माहीत?"

"अरे पण आता माझा शेजार झाला ना तो. विचारायला नको? आमचा इथला शेजारी ठाऊक आहे ना, दरवर्षी नांगरताना बांध वीतभर आमच्याकडे सरकवतो. तुझे भावोजी कोर्टात जायचं म्हणतात. तिथं इतक्या लांब मी कुठे बांध बघायला जाऊ?"

"ताई, तिथे बांध नाही."

"म्हणजे?"

"दोन तुकडे केलेलेच नाहीत. अर्धं तुझं, अर्धं त्यांचं, पण सगळं एकत्रच. जे निघेल त्या प्रत्येक थेंबात अर्धं तुझं."

"प्रत्येक थेंबात?"

"प्रत्येक."

पलीकडे ती भावोजींना सांगत होती, अहो ऐकलंत का, तिथं बांधच नाही म्हणतो. भावोजी काहीतरी पुटपुटले. मग ती फोनवर परत आली, आवाजात खरोखरची काळजी.

"बांधच नाही? मग सुऱ्या, माणसं तिथं भांडतात तरी कशावरून?"